लोहनगरीतील पिवळी पाने

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिच्यासाठी खनिज आले ते दक्षिणेकडील दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. या प्रदेशातील ‘भाटा’ नावाच्या जमिनीचा तांबडा रंगही लोहामुळेच आलेला असतो. अशा ठिकाणी अंगणातील जास्वंदीस लोहाची उणीव भासावी, याचे कोणासही नवल वाटेल. तथापि तसे घडू शकते.

घर बांधून झाल्यावर चुना व सिमेंट यांचा चुरा पुष्कळदा अंगणातच पुरला जातो. त्यायोगे माती अल्कधर्मी होते व तीतील लोह पाण्यात विरघळेनासे होते. मुळांना तर विरघळलेलेच द्रव्य घेता येते. भातशेतीत याचे उलट रूप दिसते. कोरड्या वाफ्यात लोहाअभावी फिकी पडलेली रोपे, जमीन पाण्याखाली गेल्यावर हिरवी होऊ लागतात. कारण हवा कोंडली की लोह विद्राव्य बनते.

निदान पानाच्या वयावरून करावे. पानात गेलेले लोह सहसा तेथून हलत नाही. म्हणून उणीव प्रथम शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो. मॅग्नेशियमच्या अभावीही असेच जाळे दिसते, परंतु ते खालच्या जुन्या पानांवर. येथेच पुष्कळांची फसगत होते. लोहाचीच उणीव असल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावा. बुंध्याशी खिळे पुरण्याचा घरगुती उपाय अशा मातीत व्यर्थ होय. खिळा गंजतो, आणि तो गंजही विरघळत नाही.

नत्र कमी पडले म्हणजे जुने पान सबंध पिवळे होते, कारण त्यातील नत्र नव्या पालवीकडे जाते. अशा वेळी खताची पिशवी उघडण्यापूर्वी बुंध्याशी पाहावे. तेथे लव्हाळा माजला असेल, तर टाकलेले खत प्रथम तोच खाईल. त्याची फुलाची दांडी बोटांत फिरविली असता तिच्या तीन धारा स्पष्ट लागतात. नुसती पाती उपटून तो जात नाही. जमिनीतील गाठी खणून काढाव्या लागतात.

गाजराच्या पानांसारखी पाने व चांदणीसारखी बारीक पांढरी फुले दिसली, तर ते गाजरगवत होय. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे अमेरिकेतील तण आता देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस दाह होतो. ते हातमोजे घालून, माती ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटावे.