नाडीच्या ठोक्यांचा अभ्यास

अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याची वेळ आली म्हणजे विज्ञान, वाणिज्य की कला या प्रश्नावर घरातील वडीलधारी मंडळी दिवसचे दिवस खल करतात. परंतु या तिन्ही शाखांतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला जो विषय सक्तीने येतो, त्या ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ या विषयासंबंधी त्या चर्चेत अवाक्षरही निघत नाही. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर हा विषय अनिवार्य आहे. त्यास गुणांऐवजी श्रेणी देण्याची तरतूद आहे, आणि ती श्रेणी ठरविण्याचे काम कनिष्ठ महाविद्यालयाकडेच सोपविलेले आहे. ज्या विद्येचा कस प्रत्येकाच्या स्वतःच्या शरीरावर लागावयाचा, तिच्यात एकाने दुसऱ्यास मागे टाकण्याचे प्रयोजन नसल्यामुळे ही तरतूद मला योग्यच वाटते. परंतु जे टक्केवारीत धरले जात नाही ते शिकण्याच्याही योग्यतेचे नाही, अशी समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, या विषयाची तासिका अनेक ठिकाणी वेळापत्रकात राहते आणि प्रत्यक्षात प्रवेशपरीक्षेच्या तयारीकडे वर्ग होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे यात फार मोठे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शारीरिक शिक्षण म्हणजे मैदानावर मोकळे सोडण्याचा तास, हा समज मुळातच चुकीचा आहे. या विषयास शास्त्राची बैठक देण्याचे काम आपल्याच प्रांतात झाले. अमळनेर येथे काही काळ अध्यापन केलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झालेल्या पुरुषाने, बडोद्याच्या प्रोफेसर माणिकराव यांच्याकडून व्यायामविद्या घेतली, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून उड्डियान, नौली इत्यादी योगक्रियांच्या वेळी शरीराच्या पोकळीतील दाब किती बदलतो, हे यंत्रांच्या साहाय्याने मोजण्यास प्रारंभ केला. परंपरेने चालत आलेल्या विद्येवर श्रद्धा असूनही तिची प्रचिती आकड्यांत पाहण्याचा हा आग्रह मला या विषयाचा प्राण वाटतो. मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली, तीही याच काळातील जागृतीचे फळ होय.

अशा मोजमापाचा एक नमुना येथे विस्ताराने सांगतो, कारण त्यावरून या अभ्यासाचे स्वरूप ध्यानी येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट’ या नावाची एक चाचणी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकविली जाते. तिच्यासाठी लागते ते एक भक्कम बाक आणि एक घड्याळ. मूळ चाचणीतील बाक २० इंच उंचीचे असे. मुलींकरिता ते काहीसे ठेंगणे घेतात. मिनिटास ३० वेळा या गतीने त्यावर चढउतार करीत ५ मिनिटे काढावयाची, नंतर १ मिनिट स्वस्थ बसावयाचे, आणि पुढे तीन वेळा, प्रत्येकी अर्धा मिनिट, नाडीचे ठोके मोजावयाचे. चढउतार जितके सेकंद चालली त्यास १०० ने गुणून येणाऱ्या संख्येला तीन वेळच्या ठोक्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागले की निर्देशांक हाती येतो. ५ मिनिटे पुरी करणाऱ्या मुलाच्या ठोक्यांची बेरीज २०० आली तर निर्देशांक ७५ येतो. काही महिन्यांच्या नियमित व्यायामाने तीच बेरीज १६० वर आली तर तो ९३ च्या पुढे जातो. ९० च्या वर उत्तम आणि ५५ च्या खाली कनिष्ठ, असे त्याचे स्थूल परिमाण आहे. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या, अथवा नुकत्याच तापातून उठलेल्या मुलास मात्र शिक्षकाने या चाचणीस उभे करू नये. श्रमानंतर हृदय किती लवकर पूर्ववत होते, यावरून त्याची क्षमता ओळखता येते, हे शरीरशास्त्रातील तत्त्व स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ज्या विद्यार्थ्याने जाणले, त्याला ते पाठ करण्याची गरज उरत नाही.

हा अभ्यास अशा चाचणीपुरताच मर्यादित नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत ‘शारीरिक शिक्षण’ हा स्वतंत्र ऐच्छिक विषय अकरावी-बारावीस घेता येतो आणि त्यात लेखी परीक्षेला ७०, तर प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. योग, आहार, खेळातील दुखापती, हालचालींमागील बलविज्ञान, मानसशास्त्र, प्रशिक्षणाच्या पद्धती, असा त्याचा पल्ला मोठा आहे.

आरोग्याच्या बाजूने पाहता या वयाइतके नाजूक वय दुसरे नाही. आयुष्यभर पुरावयाचा अस्थींमधील खनिजसंचय बहुतांशी विशीपर्यंतच होतो, आणि तो होण्यास आहाराइतकीच धावण्या-उड्या मारण्याच्या श्रमांचीही आवश्यकता असते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याच संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत, असे आढळले. मुलांत हे प्रमाण ७८, तर मुलींत ८५ टक्के होते.

मुलींचा प्रश्न येथेच थांबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे; त्याच वयाच्या मुलांत तो ३१.१ टक्के आहे. म्हणजे अकरावीच्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन अपुरे असण्याचा संभव आहे. जिना चढताना लागणारी धाप, वाचताना येणारी ग्लानी, मैदानावर लवकर येणारा थकवा, यांस घरी आळस म्हटले जाते आणि वर्गात दुर्लक्ष म्हटले जाते, याचे मला मनःपूर्वक दुःख होते. सरकारी योजनेतून किशोरवयीनांना दर आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी का घ्यावयाची, जेवणाला लागून चहा घेतल्याने अन्नातील लोह शरीरात कमी का शोषले जाते, आणि पालेभाजीबरोबर लिंबू किंवा आवळा असल्यास ते अधिक का शोषले जाते, एवढे तीन प्रश्न जरी या तासिकेत नीट समजावून दिले, तरी विषयाच्या सक्तीचे सार्थक झाले असे मी म्हणेन. मासिक पाळीविषयी मोकळेपणाने बोलण्याची जागाही हीच असून, ती ऐच्छिक व्याख्यानावर सोडू नये.

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही असावी आणि तिच्यात वर्षातून तीन-चार वेळा उंची, वजन, स्वस्थ बसलेले असतानाची नाडी, चाचणीचा निर्देशांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास हिमोग्लोबिनचा आकडा त्याने स्वतःच्या हाताने भरावा. हे आकडे भर वर्गात मोठ्याने वाचू नयेत, आणि श्रेणी ठरविताना मुलाचे वजन किंवा धावण्याचा वेग न पाहता नोंदींतील सातत्य व त्यांचा अर्थ लावण्याची समज पाहावी. म्हणजे स्थूल, कृश किंवा अपंग मुलालाही पहिल्या श्रेणीचा मार्ग खुला राहील. वर्ष संपल्यावर महाविद्यालयाने ती वही आपल्या दप्तरात न ठेवता विद्यार्थ्याला परत द्यावी.