घरकुलाचा पाचवा पावसाळा

पेण तालुक्यातले जोहे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला गणपतीच्या मूर्तींमुळे ठाऊक आहे. हमरापूर-जोहे पट्ट्यात राहते घर आणि मूर्तींचा कारखाना यांची सरहद्द पुसटच असते. पडवीत माती मळली जाते, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगकाम चालते आणि ऐन पावसाळ्यात घरात जागा मिळेल तिथे मूर्ती सुकत ठेवलेल्या असतात. अशा गावात घराच्या भिंतीला ओल आली की ती माणसाच्या छातीला बाधते आणि त्याच्या धंद्यालाही. शाडूची मूर्ती दमट हवेत लवकर सुकत नाही आणि तापलेल्या पत्र्याखाली दुपारभर बसून कोणाचा हात स्थिर राहत नाही. म्हणून सरकारी मदतीने बांधलेल्या घरांची देखभाल आणि त्यांतली वीज-उष्णता यांचा विचार करायला मुंबईतल्या उंच इमारतींपेक्षा पेण-रोह्याकडची गावे मला अधिक योग्य वाटतात. शहरात हे दोन प्रश्न वेगवेगळ्या खात्यांचे असतात. कोकणातल्या घरकुलात ते एकाच जागी, छपरापाशी, येऊन मिळतात.

आधी योजना पाहू. 1985 साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौरस मीटर झाले, मैदानी राज्यांसाठी अनुदान 1 लाख 20 हजार ठरले, शौचालयासाठी 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी जोडली गेली. त्याशिवाय राज्याच्या रमाई, शबरी आणि मोदी आवास या योजना आहेत. 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख कुटुंबांच्या मंजुऱ्या जाहीर झाल्या. हे काम मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण पैसा कसा सुटतो ते पाहा. पाया, जोते, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर घराचा फोटो काढला जातो, त्यावर ठिकाणाची नोंद असते, तो संगणकावर चढतो आणि हप्ता खात्यात जमा होतो. शेवटचा फोटो चढला की घर ‘पूर्ण’ झाले. त्यानंतर त्या घराकडे योजनेची नजर पुन्हा वळत नाही. घर पहिल्या पावसात गळले की नाही, पाचव्या पावसात स्लॅबचे पोपडे पडू लागले की नाही, हे कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही. जे मोजले जात नाही, त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

आणि कोकणात तर घराची खरी परीक्षा ताबा मिळाल्यानंतरच सुरू होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. धरमतरच्या खाडीलगतच्या खारपट्ट्यात हवेत आणि जमिनीत मीठ असते. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई गंजायला आणखी काय हवे? सळईभोवती काँक्रीटचा थर पुरेसा जाड नसेल, खाडीची रेती न धुता वापरली असेल, पाण्याचे प्रमाण जास्त होऊन काँक्रीट सच्छिद्र राहिले असेल, तर ओल आणि क्षार आत शिरतात. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. पत्र्याच्या छपराचे दुखणे वेगळे. पत्रा ज्या हुकांनी बसवलेला असतो त्यांच्याखालचे वायसर उन्हाने कडक होऊन तडकतात आणि नेमक्या त्या भोकांतून थेंब सुरू होतो. यातला एकही दोष पहिल्या वर्षी असाध्य नसतो. वायसर बदलणे, चीर बुजवणे, गच्चीवर कोबा करून उतार नीट देणे, भिंतीवरून ओघळणारे पाणी तोडायला छज्जा काढणे ही गावातल्या गवंड्याला येणारी कामे आहेत. तीच पाच-सात वर्षे राहून गेली की दुरुस्तीचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो.

जुन्या कोकणी घराला हे वेळापत्रक ठाऊक होते. आगोटीची बेगमी करताना धान्य, मीठ, सरपण यांच्याबरोबर घरही सज्ज केले जाई. वैशाखात शाकारणी होई. कौले उतरवून, फुटकी बदलून, कुजलेले वासे-रिपा पाहून छप्पर पुन्हा चढवले जाई. कुडाच्या भिंती लिंपल्या जात, पावसाच्या झडीकडच्या बाजूला झाप बांधले जात. त्या घरांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या श्रमाचा मोठा भार बायकांवर होता, साप-विंचवाची भीती होती आणि 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात कौले आणि पत्रे कसे उडवले ते जिल्हा विसरलेला नाही. लोकांना स्लॅबचे घर हवे आहे आणि त्यांचे ते म्हणणे रास्त आहे. मात्र कौलांबरोबर शाकारणीचा रिवाजही गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही रिवाज आला नाही. सिमेंटच्या घराला देखभाल लागत नाही ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि सरकारी योजनेनेही ती न तपासता स्वीकारली आहे.

आता उष्णतेकडे वळू. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 च्या डिसेंबरात ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. निवासी इमारतीच्या भिंतींतून किती उष्णता आत यावी, खिडक्या किती असाव्यात, छपराने किती उष्णता आत सोडावी, याच्या मर्यादा तिने घालून दिल्या. कोकणासारख्या उष्ण-दमट हवामानासाठी चटईक्षेत्राच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी उघडणारी खिडकी-दारे असावीत, असे ती सांगते, कारण इथे गारवा वाहत्या वाऱ्यातून येतो. छपरासाठी तिने जी उष्णतेची मर्यादा ठरवली आहे, तिच्या जवळजवळ तिप्पट उष्णता चार इंची उघड्या स्लॅबमधून आत येते. पण ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी आहे. म्हणजे ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांच्या घरांना उष्णतेचा नियम आहे आणि ज्यांच्याकडे एक पंखा आहे त्यांच्या घराला नाही. मला हे उलटे वाटते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. घरकुलात वीज जळते ती दोन दिवे, एक पंखा आणि एका टीव्हीची; तिथे ऊर्जा वाचवून असे किती वाचणार? बिलापुरते पाहिले तर आक्षेप खरा आहे. पण इथे ऊर्जा कार्यक्षमतेचा अर्थ बिलातली बचत एवढाच घेता येत नाही. जे कुटुंब उष्णतेवर वीज खर्च करू शकत नाही, ते ती अंगावर काढते. रात्री तापलेला स्लॅब उष्णता खाली सोडत राहतो, झोप होत नाही, लहान मुले आणि म्हातारी माणसे आजारी पडतात आणि घरातच काम करणाऱ्यांचे दुपारचे तास वाया जातात. शिवाय हे कुटुंब कायम एका पंख्यावर राहणार नाही, राहू नये. उद्या त्याच्याकडे चार पैसे आले की कूलर येईल. दमट हवेत तो निरुपयोगी ठरेल, मग वातानुकूलन यंत्र येईल. आज 20 लाख छपरे जशी बांधली जातील, तशी विजेची मागणी पुढची तीस वर्षे राहील. पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझॅक, समोरासमोर दोन खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीवर पडवी किंवा मोठा छज्जा यांचा खर्च बांधताना थोडा असतो, नंतर बराच जास्त. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतूनच बांधलेल्या ‘स्मार्ट घर 3’ प्रकल्पातल्या 1176 घरांत हलके ठोकळे, उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या आणि हवा खेचणारे धुराडे वापरून आतले तापमान खाली आणले गेले. तिथली कोरडी हवा कोकणात नाही, त्यामुळे तो नकाशा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. गरिबांच्या घरातही हे करता येते, एवढे मात्र त्याने दाखवून दिले. ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्लीच्या मदतीने वेगवेगळ्या प्रदेशांसाठी घरांचे नमुने ‘पहल’ या संग्रहात केव्हाच एकत्र केले आहेत. ते गवंड्याच्या हातात पोचायला हवेत.

कातकरी वाड्यांचा विचार वेगळा करावा लागेल. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या समाजांना घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवर ही घरे उभी राहत आहेत. पण कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नेमका दुरुस्तीचा हंगाम ती घराबाहेर काढतात. परतल्यावर हातात पैसा आणि वेळ दोन्ही थोडे असतात, तोवर आभाळ भरून आलेले असते. या घरांची देखभाल वाडीने मिळून किंवा पंचायतीने केली नाही तर ती होणारच नाही.

इथे दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप उभा राहतो. घर लाभार्थ्याच्या मालकीचे आहे. ते सांभाळणे त्याचे काम. सरकारने आयुष्यभर कोणाचे छप्पर का शिवावे? मालकीचा आदर मलाही आहे आणि दरवर्षी सरकारी माणसाने येऊन वायसर बदलावेत असे मी म्हणत नाही. पण देखभालीचा वाली कोणीच नसला की काय होते, हे याच राज्याने पाहिले आहे. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, मालकांनी जुन्या इमारतींकडे पाठ फिरवली आणि त्या कोसळू लागल्या. तेव्हा 1969 मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले गेले, सुमारे 19,600 इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्तीचा निधी उभा राहिला. तो कधीच पुरला नाही आणि आज त्या इमारतींच्या पुनर्विकासाचा गुंता सुटता सुटत नाही. उशिरा आलेली जबाबदारी किती महाग पडते, याचा हा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये 2020 साली सामाजिक गृहनिर्माणातल्या घरातल्या बुरशीमुळे रॉचडेल इथे दोन वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या नावाने झालेल्या कायद्यानुसार 27 ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक घरमालकांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावी लागते आणि तातडीचा धोका 24 तासांत दूर करावा लागतो. आपल्याकडे तसा घरमालक नाही, म्हणून तो कायदा इथे तसाच आणता येणार नाही. पण ज्या यंत्रणेने बांधकामाचा नमुना आणि रक्कम ठरवली, हप्ते अडवले आणि सोडले, तिची जबाबदारी शेवटच्या फोटोबरोबर संपते असे मानायलाही आधार नाही.

मग पैसा कुठून आणायचा? 1 लाख 20 हजारांत घरच पुरे होत नाही, हे खरे आहे. कुटुंबे कर्ज काढून ते पुरे करतात. 2025 मध्ये राज्य सरकारने प्रधानमंत्री आवास योजनेच्या टप्पा दोनमधल्या घरकुलांसाठी 50 हजारांची भर घातली. त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना. हा निर्णय चांगला आहे, पण त्याने छपराचा प्रश्न अधिक निकडीचा केला. एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालणे अपेक्षित असते. गळक्या स्लॅबवर किंवा गंजक्या पत्र्यावर ते बसवले तर पहिल्याच दुरुस्तीला सगळे उतरवावे लागेल. म्हणून सौर अनुदानाआधी छप्पर तपासणे सक्तीचे करावे, आणि दर घरामागे वर्षाला अनुदानाच्या एक टक्का, म्हणजे 1200 रुपये, देखभालीसाठी बाजूला काढावेत. दहा वर्षांचे ते 12 हजार होतात, जितके आपण एका शौचालयाला देतो. ही रक्कम रोख न देता ग्रामपंचायतीच्या खात्यात ठेवावी, प्रशिक्षित गवंड्याने वैशाखात घर पाहून यादी करावी आणि काम झाल्याचा फोटो त्याच संगणकावर चढवावा. दुरुस्ती घरमालकाने करावी. तपासणी आणि साहित्याचा भार योजनेने उचलावा. पंचायती आधीच कामाखाली वाकल्या आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून सुरुवात एका तालुक्यापासून व्हावी. पेण किंवा रोहा त्यासाठी योग्य आहेत: खार हवा, जोराचा पाऊस, कातकरी वाड्या आणि घरातच चालणारा व्यवसाय हे सगळे इथे एकत्र आहे.

1 मे रोजी ग्रामसभा भरते, पावसाला तेव्हा महिनाभर उरलेला असतो. पेण-रोह्यातल्या ग्रामस्थांनी, विशेषतः महिला ग्रामसभांनी, या वर्षी एक ठराव मांडावा: गावात पाच वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या प्रत्येक घरकुलाचे छप्पर, भिंतीची ओल आणि खिडक्या यांची पाहणी करून यादी पंचायत समितीकडे पाठवावी. त्याला सरकारच्या नव्या आदेशाची गरज नाही.