कुलूप लावण्यापूर्वी

तळवडे, चिखली, निगडी या भागात सोसायट्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर फ्लॅटमधली कुत्रीही वाढली. गावात अंगणातलं कुत्रं कधी एकटं पडायचं नाही, कुणी ना कुणी घरी असायचंच. इथे नवरा चाकणला पहिल्या पाळीला, बायको सॉफ्टवेअर पार्कात, मुलं शाळेत, दाराला कुलूप आणि आत सहा महिन्यांचं पिल्लू. ते भुंकतं, दार ओरबाडतं, शेजारी तक्रार करतात. मग कुणीतरी सांगतं, 'क्रेट आणा.'

क्रेट म्हटलं की आपल्याला टोमॅटोचे क्रेट आठवतात! हा क्रेट म्हणजे तारेचा, दार असलेला पिंजरा. कुत्र्याला त्यात उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. सुरुवातीला त्याचं दार उघडंच ठेवा. आत जुनी गोधडी घाला, जेवणही तिथेच द्या. कुत्रं आपण होऊन आत झोपू लागलं, की दार मिनिटभर लोटा आणि शेजारीच बसा. शिक्षा म्हणून मात्र त्यात कधीही कोंडू नका.

पण क्रेट आणला म्हणजे कुत्रं एकटं राहायला शिकलं, असं नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. एकटं राहणं वेगळं शिकवावं लागतं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिली ती त्यांची कुत्री. अन्नाची नुसती चाहूल लागली तरी त्यांना लाळ सुटे. आपल्या घरात बूट, डबा आणि किल्ल्यांचा आवाज ही 'आता सगळे जाणार' याची चाहूल असते. ती बोथट करायची. बूट घाला आणि पेपर वाचत बसा. किल्ल्या उचला आणि चहा टाका. मग दहा सेकंद दाराबाहेर जा आणि ते रडायच्या आत परत या. नंतर मिनिट, मग पाच मिनिटं, मधूनच पुन्हा अर्धं मिनिट. घबराट बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून गेलात तर खरं काय ते कळेल. याला काही आठवडे लागतात. गुरुवारची सुट्टी असणाऱ्यांनी त्याही दिवशी थोडा वेळ बाहेर पडावं, नाहीतर शुक्रवार जड जातो. कुत्रं तारा चावून तोंड रक्ताळून घेत असेल, तर क्रेट बंद करा आणि पशुवैद्यांना दाखवा.

आता तासांचा हिशेब. पाळी आठ तासांची, बसचा प्रवास धरून दहा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, फार तर तितके तास लघवी रोखतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. स्वीडनमध्ये मोठ्या कुत्र्यालाही दिवसा दर सहा तासांनी तरी बाहेर काढावं, असा नियम आहे. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा गुन्हाच आहे.

शिवाय आपला उन्हाळा. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी उष्णता ते धापा टाकून बाहेर सोडतं. गॅलरीतल्या क्रेटवर ऊन आलं, किंवा वीज जाऊन पंखा थांबला, तर त्याला सरकायलाही जागा नसते. म्हणून दुपारी घरी असणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ठेवा. त्याआधी आठ-दहा दिवस त्यांच्या हातून कुत्र्याला खाऊ घाला, नाहीतर ते त्यांनाच दारात अडवेल.