पंचेचाळिशीनंतर नोकरी सोडून धंदा? आधी घराचा पगार बांधा!



"सर, वय ४८. कंपनीत व्हीआरएसची चर्चा चालू आहे. पैसे मिळाले की तुंगार्लीत एखादा बंगला भाड्याने घेऊन होमस्टे टाकावा म्हणतोय. किती भांडवल लागेल?"

या धाटणीचा प्रश्न लोणावळा-मावळ पट्ट्यातून नेहमी येतो. प्रश्न चांगला आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा : धंद्यातून एक रुपयाही आला नाही, तर तुमचं घर किती महिने चालेल?

पंचविशीत धंदा बुडाला तर माणूस परत नोकरी धरतो. अठ्ठेचाळिशीत मुलांचं शिक्षण, आईवडिलांचं आजारपण आणि गृहकर्ज एकदमच अंगावर असतं. शिवाय त्याच पगारावर परत कोणी घेईल याची खात्री नसते. म्हणजे या वयात धंदा करू नये असं नाही. क्रम बदलायचा, एवढंच.

आपल्या गावातलंच उदाहरण

लोणावळ्यात १९४५ पासून आयएनएस शिवाजी आहे. नौदलाचं मरीन इंजिनीअरिंगचं शिक्षण तिथे होतं. आता नौसैनिकाचा हिशोब बघा. २०२२ च्या आधीच्या पद्धतीत तो अठरा-वीस वर्षांचा असताना भरती व्हायचा आणि १५ वर्षांची सेवा झाली की पेन्शनला पात्र व्हायचा. बरेच जण पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडून दुसरं काम सुरू करतात. त्यांना हे जमतं, कारण दर महिन्याला पेन्शन येते आणि दवाखान्यासाठी माजी सैनिकांची ईसीएचएस योजना असते. धंदा मंदावला तरी चूल पेटते.

आता दुसरी बाजू. २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं आणि कामगारांपुढे व्हीआरएस ठेवली. अशा वेळी हातात एकरकमी पैसा येतो, पण दर महिन्याचा पगार थांबतो. मोठी रक्कम बघून आपल्याला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. खरं तर ती पुढच्या दहा-बारा वर्षांच्या पगाराची आगाऊ उचल असते. फौजीला जे सरकार देतं, ते आपल्याला आपल्याच पैशातून उभं करावं लागतं. त्यालाच मी "घराचा पगार" म्हणतो.

हिशोब मांडू

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा व्हीआरएस आणि ग्रॅच्युइटी मिळून १७ लाख आणि पीएफचे ८ लाख. एकूण २५ लाख. घरखर्च, फी, हप्ता सगळं धरून महिन्याला ५०,००० लागतात. त्यात गृहकर्जाचा हप्ता ११,००० आणि बाकी कर्ज ४ लाख. घरात दुसरी खात्रीची मिळकत १०,००० आहे. म्हणजे दरमहा ४०,००० कमी पडतात.

• पीएफच्या ८ लाखांना हात लावायचा नाही. ते म्हातारपणाचे. उरले १७ लाख.
• गृहकर्ज फेडून टाका : ४ लाख. (वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड लागत नाही.) आता महिन्याची तूट २९,०००.
• १८ महिन्यांचा घराचा पगार : २९,००० × १८ = ५ लाख २२ हजार.
• दवाखाना आणि अडीनडीला : २ लाख.
• धंद्यासाठी उरले : ५ लाख ७८ हजार.

कर्ज तसंच ठेवलं असतं तर धंद्याला ७ लाख ८० हजार उरले असते. साधारण दोन लाख जास्त. पण डोक्यावर दरमहा ११,००० चं ओझंही राहिलं असतं. या वयात मी दोन लाख कमी भांडवल निवडेन.

तर तुमचं भांडवल २५ लाख नाहीच, पावणेसहा लाख आहे. हे राजीनाम्याच्या आधी कळलं तर निर्णय बदलतो. कसा, ते पुढे बघूच.

घराचा पगार कुठे ठेवायचा?

वेगळ्या खात्यात किंवा छोट्या-छोट्या मुदत ठेवींत. दर १ तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. धंद्याच्या खात्यातून किराणा भरायचा नाही आणि घराच्या खात्यातून सोफा-गाद्या घ्यायच्या नाहीत.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी घराचा सगळा पगार पतसंस्थेत टाकू नका.

वय ५५ च्या पुढे असेल आणि व्हीआरएस घेतली असेल, तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० च्या आधीही उघडता येते. पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करायचा, कमाल मर्यादा ३० लाख. संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना ती ५० पासून मिळते. व्याज दर तिमाहीला हातात येतं.

राजीनाम्याआधी चार गोष्टी तपासा

१. ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत साधारण सलग ५ वर्षं हवीत. सूत्र सोपं आहे : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × नोकरीची वर्षं. ३०,००० आणि १८ वर्षं असतील तर सुमारे ३ लाख ११ हजार.

२. ईपीएस पेन्शन. यासाठी १० वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षं झाली असतील तर घाई करू नका. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. ५० नंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी. आणि फार आशा ठेवू नका. १५,००० च्या पगारमर्यादेने १८ वर्षांची पेन्शन महिना चार हजारांच्याही आत येते.

३. मेडिक्लेम. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. बीपी-शुगरसारख्या आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही विमा कंपनीला विचारा.

४. सरकारी योजना. पीएमईजीपीमध्ये वयाची वरची मर्यादा नाही. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, महिला आणि माजी सैनिकांसह विशेष गटाला ५ टक्के. पण अनुदान रोख हातात येत नाही. बँकेत ते ३ वर्षं अडकलेलं असतं, तोवर कर्ज तुमचंच. महिलांसाठी पर्यटन विभागाच्या "आई" धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे, पण परतावा म्हणजे हप्ता आधी तुम्ही भरायचा. योजना चालू आहे का, नियम काय, हे अर्जाच्या दिवशी तपासा. अनुदान धरून घरखर्चाचा हिशोब कधीच करू नका.

मग तुंगार्लीत काय करायचं?

लोणावळ्याचा धंदा पावसावर, शनिवार-रविवारवर आणि सुट्ट्यांवर चालतो. मंगळवारी बंगला रिकामा असला तरी भाडं चालूच. कधी एका आदेशाने गर्दी थांबते. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं. ३० जून २०२४ ला भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर प्रशासनाने मावळातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. माणसाच्या जिवापुढे निर्बंध योग्यच. पण ऐन हंगामात धंदा थांबू शकतो, हे तुमच्या कागदावर धरलेलं हवं. १८ महिने मी म्हणतो ते यासाठीच : त्यात निदान एक पूर्ण पावसाळा येतोच, आणि एक हंगाम हुकला तरी घर उभं राहतं.

पावणेसहा लाखांत अख्खा बंगला डिपॉझिट देऊन घेऊ नका. जे बंगले आधीच चालू आहेत त्यांना सेवा द्या : घरगुती जेवण, चादरी-टॉवेलची धुलाई, साफसफाई, देखरेख, प्लंबिंग-वायरिंग. मालक मुंबई-पुण्यात राहत असेल तर त्याला भरवशाचा माणूस हवाच असतो. वीस वर्षं कंपनीत शिफ्ट, मेंटेनन्स, स्टोअर सांभाळलेल्या माणसाकडे ही शिस्त तयार असते. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा.

आणि हे सगळं नोकरी चालू असतानाच करून बघता येतं, कारण इथली गर्दीच शनिवार-रविवारची! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. पण त्याआधी कित्येक वर्षं ते हौशी रंगभूमीवर काम करतच होते. तुम्हीही एक पावसाळा आणि एक उन्हाळा दोन-तीन बंगल्यांचं काम करून बघा. कंपनीचे नियम मात्र आधी वाचा. वहीत रोजचा जमाखर्च लिहा. वर्षाअखेर खर्च वजा जाता हातात किती राहिलं, ते वही सांगेल.

आजचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या आणि घरातल्यांना समोर बसवा. गेल्या सहा महिन्यांचा खरा खर्च काढा, अंदाजाने नको. त्यातून खात्रीची मिळकत वजा करा. जी तूट येईल तिला १८ ने गुणा. तो आकडा बाजूला ठेवून, कर्ज आणि अडीनडीचे पैसे वजा करून धंद्याला काय उरतं ते बघा. उरलं तर तेवढ्याच मापाचा धंदा निवडा. काहीच उरत नसेल तर अजून दोन वर्षं नोकरी करा, कर्ज फेडा आणि शनिवार-रविवार धंदा शिका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर आकडा काढून ठेवा!