कायदा गेला, सीमा राहिल्या

डेट्रॉईट शहराच्या उत्तर टोकाला, एट माइल रस्त्याजवळ, एक भिंत आजही उभी आहे. उंची सहा फूट, लांबी साधारण अर्धा मैल. घरांच्या परसांमागून ती सरळ जाते आणि एका मैदानाच्या कडेला तिच्यावर आता रंगीत चित्रं काढलेली आहेत. १९४१ साली एका बिल्डरने ती बांधली. त्याला तिथे गोऱ्या कुटुंबांसाठी घरं उभारायची होती, पण शेजारीच कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे गृहकर्जांना हमी देणारी केंद्र सरकारची संस्था, त्या घरांना हमी द्यायला तयार नव्हती. मधे भिंत घातल्यावर हमी मिळाली. डेट्रॉईट कॅनडाच्या सीमेवर आहे, गुलामगिरीच्या दक्षिणेपासून शेकडो मैल दूर. भिंत बांधणाऱ्याला कुठल्या कायद्याने ती बांधायला लावलं नव्हतं. कर्जाच्या व्यवहाराने लावलं. अमेरिकेतल्या वर्णभेदाचं जे चित्र आपल्या मनात असतं, त्यात ही भिंत कुठेच बसत नाही.

ते चित्र साधारण असं असतं. दक्षिणेतल्या राज्यांत पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या होत्या. मग १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ झाली, १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६८ चा घरांसंबंधीचा कायदा आला, आणि प्रश्न मिटला. आता जे वेगळेपण उरलं आहे ते ऐपतीचं किंवा आवडीनिवडीचं. मराठी माणसाची अमेरिकेतल्या या लढ्याशी ओळख जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्या लोकांचा विजय ताजा होता. पण त्यानंतर तेवीसच वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेसी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. कायद्याने मिळालेलं दुसऱ्या वाटेने काढून घेता येतं, हे त्या देशाच्या इतिहासात एकदाच घडलेलं नाही. १९६८ नंतर काय झालं ते म्हणूनच नीट पाहायला हवं.

पहिला गैरसमज भूगोलाचा. १९१६ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्क, मिलवॉकी अशा शहरांत गेले. तिथे नळ वेगळे नव्हते, पण वस्त्या होत्या, आणि त्या दक्षिणेपेक्षाही काटेकोरपणे वेगळ्या होत्या. दक्षिणेतल्या जुन्या शहरांत गोऱ्यांच्या बंगल्यांमागच्या गल्लीत त्यांच्याच घरी राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं राहत. उत्तरेत मैलच्या मैल एकाच वंशाचे होते. १९६६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. किंग शिकागोच्या मार्क्वेट पार्क भागात घरांच्या समान हक्कासाठी मोर्चा घेऊन गेले, तेव्हा जमावातून आलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. असा द्वेष आपण मिसिसिपी आणि अलाबामातही पाहिला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. आजही वस्त्यांची विभागणी सर्वांत तीव्र असलेल्या महानगरांची नावं काढली तर न्यूयॉर्क, शिकागो, मिलवॉकी आणि डेट्रॉईट हीच पुढे येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१४ च्या अहवालात कृष्णवर्णीय मुलांसाठी सर्वाधिक विभागलेल्या शाळा न्यूयॉर्क राज्यात आढळल्या होत्या, आणि ते राज्य स्वतःला उदारमतवादी म्हणवतं.

दुसरा गैरसमज असा, की या वस्त्या आपोआप घडल्या. लोकांच्या मनात पूर्वग्रह होते, सरकार फार तर बघत राहिलं. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांना वंशानुसार वस्त्या आखायला बंदी केली होती. त्यानंतर काम खरेदीखतांनी केलं: हे घर पुढे कृष्णवर्णीयाला किंवा आशियाईला विकणार नाही, अशी अट खतातच लिहिली जाऊ लागली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाली. ती स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाला हमी देई. त्या हमीमुळे थोडे पैसे आधी भरून दीर्घ मुदतीचं कर्ज मिळू लागलं आणि सामान्य पगारदार घरमालक झाला. पण संस्थेच्या मूल्यांकन-पुस्तिकेत वेगवेगळ्या वंशांचे लोक शेजारी येणं हा धोका मानला होता आणि खतातल्या अशा अटींची शिफारस केली होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची लेव्हिटाउन ही वसाहत याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९४७ पासून काही वर्षांत तिथे सतरा हजारांहून अधिक घरं उभी राहिली, सरकारी हमीच्या जोरावर. सुरुवातीच्या भाडेकरारात स्पष्ट अट होती, की कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही या घरात राहू देणार नाही. पुढे सवलतही दिली होती: घरकामाचा नोकर दुसऱ्या वंशाचा असला तर चालेल. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत असा निकाल दिला, तरी नव्याने अशी अट घातलेल्या घरांना हमी देणं संस्थेने थांबवलं ते १९५० मध्ये.

इथे एका पुरोगामी गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. रेडलायनिंगवर, म्हणजे ठरावीक वस्त्या धोक्याच्या मानून तिथे कर्ज नाकारण्यावर, बोलताना १९३० च्या दशकातले लाल-पिवळ्या रंगांचे नकाशे हमखास दाखवले जातात आणि सगळं खापर त्या लाल रंगावर फोडलं जातं. ते नकाशे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या वेगळ्या संस्थेचे होते. तिने मंदीत अडचणीत आलेल्या कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जं दिली होती, आणि नकाशांमधला बराच पूर्वग्रह आधीपासून बाजारात रूढ होता. नकाशा डोळ्यांत भरतो म्हणून तो मूळ कारण ठरत नाही. नवी घरं कुणाला मिळणार हे हमीच्या नियमांनी ठरवलं, आणि ते नियम इतके नीरस होते की त्यांची छायाचित्रं कुणी काढत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता तर कुणाला अडवलेलं नाही, हा वंशाचा नव्हे, पैशाचा प्रश्न आहे. पण पैसा कुठून येतो? अमेरिकन मध्यमवर्गाची मुख्य बचत म्हणजे राहतं घर. लेव्हिटाउनचं जे घर १९४९ मध्ये ७,९९० डॉलरला मिळत होतं, त्याची किंमत आज काही लाख डॉलर आहे. त्या वाढीवर मुलांची कॉलेजं झाली, त्यांच्या पहिल्या घराचं डाउन पेमेंट झालं, म्हातारपण निभावलं. ज्यांना ते घर नाकारलं गेलं, त्यांच्या नातवंडांपर्यंत यातलं काही पोचलं नाही. शिवाय १९६८ चा कायदा सुरुवातीला दुबळा होता. तक्रार आली तर सरकारी खात्याला फक्त समेट घडवता येई. त्याला धार आली १९८८ च्या दुरुस्तीने. मधल्या वीस वर्षांत किमती वाढत गेल्या आणि प्रवेशाचं दार पैशाने बंद झालं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. इतकी तफावत पगारातल्या फरकाने पडत नाही. आणि पैसा असला तरी वस्ती बदलतेच असंही नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन लोगन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की वर्षाला ७५,००० डॉलरहून अधिक कमावणारी कृष्णवर्णीय कुटुंबं सरासरीने ज्या वस्त्यांत राहत होती, तिथली गरिबी ४०,००० पेक्षा कमी कमावणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांपेक्षा जास्त होती. प्रश्न नुसत्या ऐपतीचा असता तर हे आकडे असे आले नसते.

याच आक्षेपाचं एक रूप आपल्या लोकांमध्ये फार ऐकू येतं: आम्हीही सावळेच, आम्हीही परके होतो, शिकलो, राबलो आणि चांगल्या वस्तीत घर घेतलं, मग त्यांना का जमू नये? कष्ट खरे आहेत, पण तुलना चुकीची आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा ठरत नाही असं सांगून नागरिकत्व नाकारलं होतं. त्या काळात आपले लोक गेले असते तर खरेदीखतातल्या त्याच अटींनी अडले असते. भारतीयांसाठी दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणातच मंजूर झाला. त्यानंतर गेलेले बहुतेक मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर इथल्या पदव्या घेऊन, व्हिसाच्या चाळणीतून निवडून गेले, आणि थोड्याच वर्षांत घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरला. ज्या दोन पिढ्यांत कृष्णवर्णीयांना कर्ज नाकारलं जात होतं, त्या पिढ्या आपल्या लोकांनी तिथे काढलेल्याच नाहीत. दुसऱ्यांनी जिंकलेल्या हक्कांवर उभं राहून त्यांनाच नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आवडीचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. १९७६ मध्ये डेट्रॉईट परिसरात लोकांना वेगवेगळ्या प्रमाणात मिश्र असलेल्या वस्त्यांची चित्रं दाखवून पसंती विचारली होती. बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी निम्मी-निम्मी वस्ती पसंत केली. अस्वस्थता गोऱ्यांमध्ये होती, आणि शेजारच्या कृष्णवर्णीय घरांची संख्या वाढेल तशी ती वाढत होती. उघड भेदभाव संपला हेही खरं नाही. न्यूजडे या दैनिकाने तीन वर्षं चाललेल्या तपासात लाँग आयलंडवर छुप्या कॅमेऱ्यांनी चाचण्या घेतल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. आर्थिक स्थिती सारखी असलेले दोन ग्राहक, एक गोरा आणि एक अल्पसंख्य, त्याच एजंटकडे तशाच घराची चौकशी करायला पाठवले. कृष्णवर्णीय ग्राहकांना ४९ टक्के चाचण्यांमध्ये वेगळी वागणूक मिळाली. काही एजंटांनी त्यांच्याकडे आधी बँकेची कर्जमंजुरी मागितली आणि गोऱ्या ग्राहकाला मात्र थेट घरं दाखवली. यात कुणी शिवी दिली नाही, दार आपटलं नाही. एकट्या ग्राहकाला आपल्यावर अन्याय झाला हे कळण्याचाही मार्ग नव्हता.

तरी माझ्या मते आज सर्वांत जास्त काम एजंट करत नाहीत, सीमारेषा करतात. अमेरिकेत शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शालेय विभागाच्या, हद्दीत चालतात, त्यांचा जवळजवळ निम्मा पैसा स्थानिक पातळीवरून येतो आणि त्यातला बहुतांश घरपट्टीतून. म्हणजे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. डेट्रॉईटच्या शाळांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे सत्तर टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, तेव्हा खालच्या न्यायालयांनी आजूबाजूच्या ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टना गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या एकत्रीकरणात सामील करायचं ठरवलं. १९७४ मध्ये मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय हद्द ओलांडता येणार नाही. गोऱ्या कुटुंबाने हद्दीपलीकडे घर घेतलं की ते ब्राउन निकालाच्या कक्षेबाहेर, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. न्यू जर्सीने अनुदानं देऊन गरीब डिस्ट्रिक्टचा खर्च बराच वाढवला, हे मान्य करायला हवं. पण तिथे सुमारे सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत, आणि मुलं हद्दीनुसार वेगळीच बसतात. याविरुद्ध २०१८ मध्ये खटला दाखल झाला. त्याच राज्यातल्या एडिसनच्या आसपास घर शोधणारं मराठी कुटुंब पहिला प्रश्न स्कूल डिस्ट्रिक्टचाच विचारतं. त्यात कुणाचा द्वेष नसतो, मुलांची काळजी असते. पण झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या, बैठकीला जाऊन ‘इथे अपार्टमेंट नकोत, शाळेवर ताण येईल’ म्हणणारे शेजारी त्याच काळजीतून बोलतात. फक्त एकेकट्या कुटुंबाचीच घरं बांधायला परवानगी देणारे हे झोनिंगचे नियम कुठल्याच वंशाचं नाव घेत नाहीत, आणि ज्यांच्याकडे साठलेली संपत्ती नाही त्यांना तरीही बाहेर ठेवतात.

मग काहीच बदललं नाही का? बदललं. विभागणी मोजायचा एक निर्देशांक आहे. वस्त्या सारख्या मिसळायच्या तर कृष्णवर्णीयांपैकी शेकडा किती जणांना घर बदलावं लागेल, हे तो सांगतो. १९७० च्या सुमारास तो ७९ च्या आसपास होता, २०२० मध्ये साधारण ५५. एकही कृष्णवर्णीय नसलेल्या वस्त्या जवळजवळ संपल्या. पण घट मुख्यतः दक्षिण आणि पश्चिमेच्या वाढत्या शहरांत झाली. उत्तरेतल्या जुन्या महानगरांत ती मंद आहे. वस्तीने खरंच फरक पडतो, याचाही पुरावा आहे. १९९४ मध्ये सरकारने पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर प्रयोग सुरू केला आणि सोडत काढून त्यांतल्या काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी मदत दिली. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की तेराव्या वर्षाच्या आत हललेल्या मुलांची विशीतली कमाई मदत न मिळालेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती. आईबाप तशाच परिस्थितीतले, वस्ती बदललेली.

१९६८ च्या कायद्यात एक कलम आहे, की केंद्र सरकारच्या खात्यांनी नुसता भेदभाव टाळून भागणार नाही, घरांबाबत समान संधी निर्माण करण्यासाठी पुढाकार घेतला पाहिजे. जवळजवळ अर्धशतक ते कागदावर राहिलं. २०१५ मध्ये ओबामा सरकारने शहरांना आपल्या विभागणीचा आढावा घ्यायला लावणारा नियम केला, तो २०२० मध्ये रद्द झाला, २०२१ मध्ये अंशतः परत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा काढून टाकला गेला. मूळ कलमाला मात्र कुणी हात लावलेला नाही. ते अमलात आणायला नवा कायदा लागणार नाही.