हिपॅटायटिस-बी : जोखमीच्या गटांची तपासणी

हिपॅटायटिस-बी हा विषाणू यकृतावर आघात करतो. संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. मात्र अनेक वर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी व्यक्तींना हा संसर्ग होता. त्यांपैकी निदान झालेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते.

बालकांसाठीची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २००२-०३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि २०११ मध्ये देशभर समाविष्ट झाली. त्यापूर्वी जन्मलेली पिढी बहुतांशी या संरक्षणाबाहेर राहिली. म्हणूनच प्रौढांमधील तपासणीला महत्त्व आहे.

साधने मर्यादित असताना चाचण्यांचा प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. जेथे संसर्गाचे प्रमाण अधिक, तेथे तेवढ्याच खर्चात अधिक रुग्ण सापडतात आणि चुकीच्या सकारात्मक निष्कर्षांचे प्रमाणही घटते. गर्भवती स्त्रिया, आरोग्य कर्मचारी, डायलिसिसचे व वारंवार रक्त घ्यावे लागणारे रुग्ण, सुईद्वारे अमली पदार्थ घेणारे, कारागृहातील बंदी आणि बाधितांचे कुटुंबीय हे असे प्रमुख गट होत. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये झालेल्या उद्रेकाचा संबंध वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरण्याशी आढळला होता.

गर्भवतींची तपासणी सर्वाधिक फलदायी ठरते. जन्माच्या सुमारास बाधित झालेल्या सुमारे ९० टक्के अर्भकांमध्ये संसर्ग कायमचा होतो. निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. माता बाधित असल्याचे आधी कळल्यास बाळाला २४ तासांच्या आत लसीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिनही देता येते.

केवळ चाचणीने मात्र कोणाचेच रक्षण होत नाही. संसर्ग नसलेल्या व पूर्वी लस न घेतलेल्या व्यक्तीला लसीच्या तीन मात्रा मिळाव्यात. बाधित व्यक्तीची यकृततपासणी होऊन गरजेनुसार उपचार सुरू व्हावेत. प्रत्येक बाधिताला लगेच औषध लागतेच असे नाही, परंतु नियमित देखरेख आवश्यक असते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे.

तरीही रोजगार जाण्याची किंवा सामाजिक बहिष्काराची भीती असल्यास लोक तपासणी टाळतात. त्यामुळे गोपनीयता, समुपदेशन आणि पाठपुरावा हेही तपासणीच्या खर्चाचेच घटक मानले पाहिजेत. कार्यक्रमाचे यश केलेल्या चाचण्यांवरून नव्हे, तर लस किंवा उपचारांपर्यंत पोहोचलेल्या व्यक्तींच्या संख्येवरून मोजणे उचित ठरेल.