अटक झालेली कादंबरी

14 फेब्रुवारी 1961 रोजी सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे, म्हणजे केजीबीचे, अधिकारी लेखक वासिली ग्रॉसमनच्या मॉस्कोतल्या घरी आले. लेखकाला त्यांनी हात लावला नाही, त्याची ‘लाइफ अँड फेट’ ही कादंबरी तेवढी घेऊन गेले. टंकलिखित प्रती, खर्डे, टिपणं, टंकलेखिकांकडची पानं, एवढंच काय, वापरलेले कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा!

कार्बन आणि रिबिनीच्या या उल्लेखापाशी मी पहिल्यांदा थबकलो, तो आजवर तिथून पुरता हललेलो नाही. ज्यांनी कचेरीत टायपिंगचा खडखडाट ऐकला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. नवा कोरा कार्बन एकदाच वापरून उजेडासमोर धरला की पत्रातला शब्द न् शब्द वाचता येतो. आमच्याकडे गोपनीय अहवाल टाइप झाला की साहेब कार्बन मागून घेत आणि समोर फाडत. ही शहाणी सावधगिरी एका महासत्तेने कादंबरीसाठी वापरली. ‘लाइफ अँड फेट’ची धास्ती किती होती, ते मोजायला मला दुसरं माप लागत नाही.

चरित्र थोडक्यात असं : जन्म 1905, युक्रेनमधलं बर्दिचेव, ज्यू कुटुंब; मॉस्कोत रसायनशास्त्राचं शिक्षण, दोनबासच्या खाणींत नोकरी; 1934 मध्ये कथा छापून आली, गॉर्कीने पाठ थोपटली. 1938 मध्ये पत्नीला अटक झाली, तेव्हा त्याने थेट गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याला पत्र लिहिलं आणि ती सुटली. त्या काळात असं पत्र लिहिणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं होतं.

मग युद्ध. ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्करी दैनिकाचा वार्ताहर म्हणून तो स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यांत राहिला. इकडे अण्णा भाऊ साठ्यांनी 1943 मध्ये ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. ज्या लढाईने मुंबईच्या कामगारवस्तीत डफ वाजवला, तिची बातमी ग्रॉसमन जागेवरून लिहीत होता. 1961 मध्ये अण्णा भाऊ रशियाला गेले; त्याच साली ही कादंबरी कुलपात पडली. दोघांची भेट व्हायला हवी होती, असं मला फार वाटतं. खंदकातल्या साध्या शिपायावर दोघांचाही जीव होता.

व्होल्गाकाठी मामायेव टेकडीवर त्या लढाईचं भव्य स्मारक आहे. तिथल्या भिंतीवर ग्रॉसमनच्या वार्तापत्रातली वाक्यं मोठ्या अक्षरांत कोरलेली आहेत. लेखकाचं नाव मात्र नाही. स्मारक खुलं झालं 1967 साली, तेव्हा कादंबरी अजून सरकारच्या ताब्यात होती. मी त्या भिंतीपुढे उभा राहिलो तेव्हा शाळेची मुलं फोटो काढत होती. वाक्यं कुणाची हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण माझं रशियन तेवढं नव्हतं.

कादंबरी याच लढाईभोवती फिरते, पण तिचं काळीज ग्रॉसमनच्या आईत आहे. सप्टेंबर 1941 मध्ये नाझींनी बर्दिचेवच्या ज्यूंची कत्तल केली, त्यात ती गेली. तिला वेळीच मॉस्कोला आणलं नाही, ही बोच त्याला आयुष्यभर लागून राहिली. 1950 मध्ये आणि पुन्हा 1961 मध्ये त्याने मेलेल्या आईला पत्रं लिहिली. कादंबरीत मात्र पत्र आई लिहिते, ज्यूंच्या वस्तीत कोंडलेली, मरण समोर दिसत असताना, शास्त्रज्ञ मुलाला. तो मुलगा व्हिक्टर श्त्रूम पुढे दबावाखाली एका खोट्या निवेदनावर सही करतो. 1953 च्या आरंभी सोव्हिएत रशियात ज्यू डॉक्टरांविरुद्ध मोहीम पेटली, तेव्हा ग्रॉसमननेही अशाच पत्रावर सही केली होती. असली सही आठवणींतून गाळणं सोपं होतं. याने आपली सही नायकाच्या हातून पुन्हा करवून घेतली. या एका धैर्यासाठी मी त्याला कादंबरीकार पास्तरनाकच्या वर बसवतो.

1962 मध्ये त्याने सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्हला पत्र लिहिलं : मी मोकळा आहे, तर पुस्तकही सोडा. पक्षाचा तत्त्वज्ञ सुस्लोव त्याला भेटला. पुस्तक त्याने स्वतः वाचलंच नव्हतं, परीक्षणं वाचली होती. तरी दोन-तीनशे वर्षं ते छापता येणार नाही, असा निकाल दिला. 14 सप्टेंबर 1964 रोजी ग्रॉसमन पोटाच्या कर्करोगाने गेला.

पण दोन प्रती निसटल्या होत्या. एक कवी सेम्योन लिपकिनकडे, दुसरी जुना मित्र लोबोदाकडे. वर्षानुवर्षं दोघांनी ब्र काढला नाही. शास्त्रज्ञ साखारोव आणि लेखक व्हॉइनोविच यांच्या मदतीने लिपकिनच्या प्रतीची मायक्रोफिल्म सीमेपार गेली आणि 1980 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पुस्तक निघालं. रशियात ते ‘ओक्त्याब्र’ मासिकात 1988 मध्ये आलं. जप्त केलेले मूळ कागद गुप्तहेर खात्याने साहित्य अभिलेखागाराला दिले ते थेट 2013 मध्ये.

रॉबर्ट चँडलरचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. जाडी आणि नावांची गर्दी पाहून बिचकू नका, शेवटी पात्रांची यादी दिली आहे. मी भेटेल त्याला सांगतो, पहिल्या भागातलं आईचं पत्र आधी वाचा आणि मग पहिल्या पानावर या.